तालमीच्या खोलीचें दार

कविता रात्रीं मुलें निजल्यावर लिहितां येते. स्वयंपाकघरांतील दिव्याखालीं एखादी लघुकथाहि पुरी होते, आणि तिकिटें लावून ती मासिकाच्या कचेरीकडे रवाना केली म्हणजे लेखिकेचें काम संपतें. संपादकाला तिचा चेहरा पाहण्याचें कारण पडत नाहीं, आणि तिलाहि उंबरठा ओलांडावा लागत नाहीं. नाटकाचें तसें नाहीं. नाटकाचें बाड लिहून हातावेगळें झालें तरी नाटक अर्धेंच झालेलें असतें. उरलेलें अर्धें तालमीच्या खोलींत होतें. कोणतें वाक्य नटाच्या तोंडांत बसत नाहीं, कोणत्या प्रवेशापूर्वीं वेष बदलावयास दोन मिनिटें हवींत, कोणता विनोद वाचतांना हंसवितो आणि थिएटरांतील शेवटच्या रांगेपर्यंत पोंचण्यापूर्वींच मरतो, हें लिहिण्याच्या मेजापाशीं बसून कळत नाहीं. त्यासाठीं पंधरावीस माणसें रोज जमतात तेथें जाऊन बसावें लागतें, चुकावें लागतें, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां जावें लागतें. मराठींत स्त्रियांनीं कविता व कथा विपुल लिहिल्या, त्या मानानें नाटकें थोडीं लिहिलीं, आणि नाटकें बसविलीं तर त्याहूनहि थोडीं. असें कां झालें, याचें उत्तर पुष्कळदां स्त्रियांच्या प्रतिभेंत शोधण्यांत येतें. तें वास्तविक त्या खोलीच्या दाराशीं शोधावयास हवें.

संगीत रंगभूमीच्या ऐन भरांत ही खोली म्हणजे नाटक मंडळीचें बिऱ्हाडच असे. गांवोगांव फिरणारी मंडळी एखादा वाडा घेऊन उतरे. तेथेंच पंगती, तेथेंच गाण्याची मेहनत, तेथेंच तालमी. नव्या नाटककाराला नाट्यशिक्षण म्हणून जें कांहीं मिळे तें या बिऱ्हाडांत. गोविंद बल्लाळ देवल हे स्वतः नामांकित तालीममास्तर होते. नटाला वाक्य कसें टाकावें हें शिकवितां शिकवितां तें कसें लिहावें हेंहि ते शिकले, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. राम गणेश गडकरी तरुणपणीं किर्लोस्कर मंडळींत राहिले ते मंडळींतील मुलांचे मास्तर म्हणून. नाटककार म्हणून त्यांना तेव्हां कोणी ओळखत नव्हतें. पण खेळाच्या रात्रीं प्रेक्षक कोठें हंसतो आणि कोठें खोकूं लागतो, हें जवळून पाहावयास मिळणें हा त्या नोकरीचा न लिहिलेला पगार होता. शिवाय श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांसारखे वाङ्मयगुरु त्यांना लाभले. एका हाताला गुरु आणि दुसऱ्या हाताला रंगमंच, अशी ही उमेदवारी होती.

याच कोल्हटकरांचें मार्गदर्शन त्याच काळांत एका लेखिकेलाहि मिळालें होतें. हिराबाई पेडणेकर या जवळजवळ गडकऱ्यांच्याच वयाच्या. सावंतवाडीकडील कलावंत घराण्यांत त्यांचा जन्म झाला, आणि वाढल्या त्या मुंबईंत. गायनाचें शिक्षण त्यांनीं भास्करबुवा बखल्यांकडे घेतलें. मराठीखेरीज इतर भाषांचाहि त्यांनीं अभ्यास केला. 'मनोरंजना'सारख्या मासिकांतून त्यांची कविता वाचकांच्या परिचयाची झाली. मराठींत स्त्रीनें नाटक लिहिण्याचा हा पहिलाच प्रसंग होता असें नाहीं. सोनाबाई केरकर यांनीं 'छत्रपति संभाजी' हें नाटक एकोणिसाव्या शतकांतच लिहिलें होतें. परंतु हिराबाईंनीं १९०४ सालीं, वयाची विशी उलटण्यापूर्वींच, 'जयद्रथविडंबन' लिहिलें, आणि पुढें त्यांचें 'संगीत दामिनी' हें नाटक केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीनें १९१२ च्या सुमारास रंगभूमीवर आणलें. व्यावसायिक मंडळीनें, खर्च करून, तिकिटें लावून, स्त्रीचें नाटक करणें ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हे. गडकऱ्यांचा 'प्रेमसंन्यास' महाराष्ट्र नाटक मंडळीनें केला तोहि याच सुमारास.

वय एक, गुरु एक, सुरुवातीचा काळहि एक. पुढें काय झालें? गडकरी १९१९ च्या जानेवारींत अवघ्या तेहतिसाव्या वर्षीं वारले. तोंवर त्यांचीं चार नाटकें पुरीं झालीं होतीं. हिराबाई १९५१ पर्यंत जगल्या. 'दामिनी'नंतर त्यांचें एकहि नवें नाटक रंगभूमीवर आलें नाहीं. मुंबई सोडून त्या गुहागरजवळच्या पालशेत या गांवीं कृष्णाजी नारायण नेने यांच्या घरीं राहावयास गेल्या. मुंबईच्या रंगभूमीशीं त्यांचा संबंध उरला नाहीं, आणि त्या तिकडेच निवर्तल्या. पुढें वसंत कानेटकरांनीं त्यांच्या जीवनावरून 'कस्तुरीमृग' हें नाटक लिहिलें. ज्यांना स्वतः तिसरें नाटक देतां आलें नाहीं, त्या दुसऱ्याच्या नाटकाचा विषय झाल्या.

यावर कोणी असें म्हणेल, कीं प्रतिभा सारखी नसते. गडकरी ते गडकरी. तें खरेंच आहे. पण 'प्रेमसंन्यासा'चे गडकरी आणि 'एकच प्याला'चे गडकरी हेहि सारखे नाहींत. या दोन नाटकांच्या मध्यें 'पुण्यप्रभाव' आहे, रंगभूमीच्या सान्निध्यांत घालविलेलीं कित्येक वर्षें आहेत, आणि एका नाटकांत फसलेलें दुसऱ्यांत सुधारून पाहण्याची संधि आहे. हिराबाईंचें चौथें नाटक कसें झालें असतें हें सांगतां येत नाहीं, कारण त्यांच्या वांट्याला दुसरी संधिच आली नाहीं. जें लिहिलेंच गेलें नाहीं त्याचें मूल्यमापन टीकाकारालाहि करतां येत नाहीं.

मग हिराबाईंना उणें काय होतें? गुरूची वाण नव्हती. कौतुकाची तर नव्हतीच. त्यांच्या घरीं नाटककार येत, गायक येत, वाङ्मयाच्या गप्पा रंगत. पण मैफलींतलें कौतुक विडे उठले कीं संपतें. सकाळच्या तालमीला तें बरोबर येत नाहीं. गुरूनें पद्यें तपासलीं, रचनेचे दोष दाखविले. मात्र आपल्या शिष्येचा हात धरून तिला मंडळीच्या बिऱ्हाडांत नेऊन बसविणें, आणि "ही येथें महिनाभर बसून शिकणार आहे" असें मालकाला सांगणें, हें तेव्हां कोणत्याहि गुरूच्या मनांत आलें नसतें. कुलीन घरची स्त्री तेथें जाती तर घरचीं माणसें आडवीं येतीं. कलावंत घरची जाती तर ती लिहावयास आली आहे यावर कोणाचा विश्वासच बसता ना. दोघींसाठीं भिंती निराळ्या, पण खोली एकच. त्यांतून त्या वेळीं मोठ्या मंडळींत स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. बालगंधर्वांचें नेसणें पाहून घरंदाज स्त्रिया आपलें नेसणें सुधारीत, असें कौतुकानें सांगतात. आणि त्या नटांची कला खरोखरच असामान्य होती. तरीहि स्त्रीनें स्त्रीसाठीं लिहिलेलें भाषण पुरुष म्हणणार, आणि तें कसें म्हणावें हें ठरविणाऱ्या खोलींत लेखिकेला जागा नाहीं, यांतली विसंगति आज कोणाच्याहि ध्यानांत येईल.

हिराबाईंना जो आडोसा नव्हता तो गिरिजाबाई केळकरांना होता. प्रतिष्ठित घर, साहित्यसम्राट नरसिंह चिंतामण केळकरांशीं दिराभावजयीचें नातें, आणि जळगांवच्या भगिनी मंडळाचें कार्य. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें 'बायकांचें बंड' १९०७ च्या सुमारास गाजत होतें. गिरिजाबाईंनीं त्याला लेखानें किंवा पत्रानें उत्तर दिलें नाहीं; 'पुरुषांचें बंड' हें नाटकच लिहून दिलें. खाडिलकरांसारख्या धुरंधराला त्याच्याच अखाड्यांत उतरून उत्तर देणें याला धैर्य लागतें. पुढें १९२८ सालीं मुंबईच्या नाट्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांना मिळालें. त्या स्थानावर बसलेल्या त्या पहिल्याच स्त्री. हा मान योग्यच होता. परंतु एवढ्या विस्तृत नाट्यसृष्टीनें स्त्रीला अध्यक्षाची खुर्ची आधीं दिली आणि तालीममास्तराची सतरंजी पुष्कळ वर्षांनंतर, ही गंमत नजरेआड करण्यासारखी नाहीं. खुर्ची एका दिवसापुरती असते. सतरंजीवर रोज बसावें लागतें.

१९३३ च्या जुलैंत नाट्यमन्वंतर संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' केलें, आणि त्यांत ज्योत्स्नाबाई भोळे व पद्माबाई वर्तक यांनीं स्त्रीभूमिका केल्या. त्यानंतर दहाबारा वर्षांत नटी ही गोष्ट सुशिक्षितांच्या घरांत बोलण्यासारखी झाली. १९४२ च्या 'कुलवधू'पर्यंत तर तिचें कौतुक घरोघर होऊं लागलें. दार उघडलें तें असें. पण तें अभिनेत्रीसाठीं उघडलें. सांगितलेलें ऐकणारी स्त्री आंत आली. सांगणाऱ्या स्त्रीला अजून अवकाश होता.

ती आली ती विजया मेहता यांच्या रूपानें. त्यांचा जन्म १९३४ चा. त्यांच्या उमेदवारीकडे पाहिलें म्हणजे हिराबाईंना काय मिळावयास हवें होतें तें उलगडतें. इब्राहिम अल्काझी आणि अदी मर्झबान या दोन अगदीं भिन्न प्रकृतींच्या दिग्दर्शकांच्या हाताखालीं त्या शिकल्या. एकाचा ओढा पाश्चात्य अभिजात नाट्याकडे आणि काटेकोर शिस्तीकडे, दुसरा पारशी रंगभूमीवरील हंसत्या-खेळत्या नाट्याचा धनी. दोन गुरु असण्याचा एक लाभ असा, कीं शिष्याला कोणा एकाची नक्कल करून भागत नाहीं. शिवाय हें शिक्षण घरीं येऊन केलेल्या उपदेशाचें नव्हतें; तें तालमींतलें, प्रत्यक्ष नाटक उभें राहतांना पाहण्याचें होतें. १९६० सालीं विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू आदि सहकाऱ्यांसह 'रंगायन' निघालें, आणि त्या संस्थेच्या नाटकांचें दिग्दर्शन करणारी प्रमुख व्यक्ति एक पंचविशीची स्त्री होती. नट उत्तम होते, कांहीं वयानें मोठेहि होते. आयनेस्कोचें 'खुर्च्या', तेंडुलकरांचें 'मी जिंकलो! मी हरलो!', खानोलकरांचें 'एक शून्य बाजीराव' हीं अवघड नाटकें त्या खोलींत घडलीं. दिग्दर्शक स्त्री आहे ही गोष्ट तेथें पहिल्या आठवड्यानंतर कोणाच्या लक्षांत राहिली असेल असें वाटत नाहीं. नाटक बसविण्याच्या कामांत तेवढी फुरसतच नसते.

नागपूरचे महेश एलकुंचवार यांनीं तरुण वयांत 'मी जिंकलो! मी हरलो!'चा प्रयोग पाहिला आणि नाटक लिहावयाचें ठरविलें. त्यांची 'सुलतान' ही एकांकिका 'सत्यकथे'त छापली गेली तेव्हां ती विजयाबाईंच्या दृष्टीस पडली, आणि त्यांनीं ती रंगभूमीवर आणली. पुढें 'वाडा चिरेबंदी'हि त्यांनींच बसविलें. नवोदित नाटककाराला रंगमंच देणारी, त्याच्या पुढच्या नाटकाची वाट पाहणारी व्यक्ति येथें स्त्री आहे, आणि लाभ घेणारा पुरुष. पन्नास वर्षांपूर्वींचें चित्र येथें उलटें झालें. नीना कुलकर्णी, नाना पाटेकर, विक्रम गोखले अशा कितीतरी नटांच्या घडणींत त्यांच्या तालमींचा वांटा आहे. जर्मन नटांना घेऊनहि त्यांनीं 'शाकुंतल' व 'हयवदन' बसविलें. रंगभूमीवरील माणसें त्यांना नुसतें 'बाई' म्हणतात. या शब्दाचा प्रवास मोठा मौजेचा आहे. एके काळीं थिएटरच्या आसपास 'बाई' म्हटलें कीं ऐकणाऱ्याच्या ओंठांवर निराळेंच हंसें उमटे. विजयाबाईंच्या तालमींत त्याच शब्दाला शाळेंतल्या बाईंचा अर्थ आला: ज्यांच्यापुढें पाठ न करतां जाण्याची छाति होत नाहीं, त्या बाई.

स्त्रीदिग्दर्शकांसाठीं दुसरी एक वाट त्याच सुमारास बालरंगभूमीवरून निघाली. सुधा करमरकरांनीं १९५९ सालीं बालनाट्याची चळवळ उभी केली आणि रत्नाकर मतकरींचें 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलें. सई परांजपे यांनींहि मुलांसाठीं लिहिलें व बसविलें, आणि मग 'जास्वंदी', 'सख्खे शेजारी' अशीं मोठ्यांचीं नाटकें दिलीं. मुलांचें नाटक म्हणजे आईपणाचाच विस्तार, असें समजून लोकांनीं हें दार सहज उघडें ठेवलें. वस्तुतः पन्नास मुलें, त्यांच्या पन्नास आया, राक्षसाचा मुखवटा आणि वेळेवर न पडणारा पडदा हें सारें संभाळणारीला कोणतेंहि नाटक अवघड वाटण्याचें कारण नाहीं.

तथापि नवोदिताला सर्वांत मोठी गरज असते ती वेगळीच, आणि ती बोलून दाखविण्याचा संकोच वाटतो. ती गरज म्हणजे फसण्याची सोय. सुलभा देशपांडे व अरविंद देशपांडे यांनीं १९७१ सालीं 'आविष्कार' काढलें, आणि पुढें दादरच्या छबिलदास शाळेचें सभागृह हें प्रायोगिक नाटकांचें घर झालें. तेथें ना मखमली पडदे होते ना वातानुकूलन. परंतु भाडें थोडें, प्रेक्षक मोजके पण जाणकार, आणि नाटक पडलें तर कोणाचें घरदार विकलें जाण्याचा प्रसंग नाहीं. व्यावसायिक रंगभूमीवर नाटक पडतें तेव्हां निर्मात्याचे पैसे जातात. म्हणून निर्माता अनोळखी नांवाला भितो, आणि अनोळखी स्त्रीच्या नांवाला किंचित् अधिक. शिवाय हिशेबांत एक खोड असते. तरुणाचें पहिलें नाटक पडलें तर "त्याला जमलें नाहीं" एवढेंच लोक म्हणतात. तरुणीचें पडलें तर "बायकांना नाटकाची बांधणी जमत नाहीं" असा निकाल लागतो, आणि तो तिच्या पाठीमागून येणाऱ्या सर्वजणींवर बजावला जातो. ही खोड व्याख्यानांनीं जात नाहीं. छबिलदाससारख्या स्वस्त जागांनीं ती कांहीं अंशीं बोथट केली, कारण तेथें पडणें हें शिकण्याचा भाग धरलें जाई.

दुसऱ्या नाटकाचा प्रश्न केवळ मराठी मुलुखापुरता आहे असेंहि नाहीं. इंग्लंडांत सॉल्फर्ड गांवच्या शीला डिलेनी या एकोणीस वर्षांच्या कामकरी घरांतील मुलीनें 'ए टेस्ट ऑफ हनी' हें नाटक लिहून जोन लिट्लवुड यांच्याकडे पाठविलें. लिट्लवुड या स्वतः स्त्रीदिग्दर्शक, आणि मोठ्या धडाडीच्या. त्यांनीं १९५८ सालीं तें बसविलें, तालमींत पुष्कळ बदललें, आणि नाटक अजरामर झालें. पण तेव्हांपासून एक कुजबुज मागें लागली, कीं यांत मुलीचें किती आणि दिग्दर्शिकेचें किती? डिलेनींचें दुसरें नाटक १९६० सालीं आलें, तें टीकाकारांना रुचलें नाहीं, आणि त्या बव्हंशीं चित्रपट व नभोवाणीसाठीं लिहूं लागल्या. तरुण पुरुषांच्या नाटकांनाहि दिग्दर्शकांचे हात लागतात; त्यांच्याबाबत हा हिशेब इतक्या हौसेनें कोणी मांडीत नाहीं. मार्गदर्शकानें शिष्येच्या संहितेला किती हात लावावा, हा म्हणूनच नुसता कलेचा प्रश्न राहत नाहीं. एक चांगलें वाक्य मास्तरानें घालावें आणि नाटक सुधारावें. पण त्याच वाक्यापायीं जन्मभर तिच्या नांवापुढें प्रश्नचिन्ह लागावें, हा सौदा महागांत पडतो.

अलीकडच्या नाट्यलेखन कार्यशाळांनीं यावर एक बरा तोडगा काढला आहे. मुंबईच्या 'रेज' या संस्थेनें लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरच्या साहाय्यानें चालू शतकाच्या आरंभापासून 'रायटर्स ब्लॉक' नांवाच्या कार्यशाळा घेतल्या. इरावती कर्णिक, मनस्विनी लता रवींद्र या मराठी लेखिका अशा उपक्रमांतून पुढें आल्या. येथें गुरु वाक्य घालून देत नाहीं. तो प्रश्न विचारतो. हें पात्र या क्षणीं खोलींत कां आलें? तें गेलें नाहीं तर काय बिघडेल? मग नट मोठ्यानें वाचतात, लेखक ऐकतो, आणि घरीं जाऊन स्वतःच्याच लेखणीनें पुन्हां लिहितो. दोन-तीन खर्ड्यांनंतर दिग्दर्शक मिळतो, आणि शेवटीं प्रयोग. मुलांना आणि मुलींना तीच वागणूक. विशेष सवलत अशी कांहीं नाहीं. जिला पूर्वीं खोलीचेंच दार बंद होतें तिला खोली मिळाली कीं पुष्कळदां इतर सवलत लागतहि नाहीं.

ज्यांना खोली मिळाली नाहीं त्यांनीं तिच्यावांचून चालविण्याची युक्ति काढली. सुषमा देशपांडे यांनीं १९८९ पासून 'व्हय, मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग केला, तो खेडोपाडीं, शाळांतून, देवळांच्या ओट्यांवरून. लेखिका तीच, दिग्दर्शिका तीच, नटी तीच. सेट नाहीं, मालक नाहीं, आणि तालमीला कोणाची परवानगी नाहीं. त्या प्रयोगाची ताकद निर्विवाद आहे. मात्र अनेक बुद्धिमान स्त्रियांना एकपात्री रूपच जवळचें वाटतें यामागें केवळ आवड नसून अडचणहि असेल काय, हा विचार मनांत आल्याशिवाय राहत नाहीं. ज्या लेखिकेला आठ पात्रांचें नाटक सुचलें आहे तिनें सात पात्रें खोडून टाकावीं, हें कांहीं रंगभूमीचें वैभव नव्हे.

आतां दार उघडें आहे असें म्हणतात, आणि बऱ्याच अंशीं तें खरें आहे. पण उघड्या दाराशींहि अडथळे असतात, फक्त ते लहान दिसतात. नोकरी करणारांची तालीम संध्याकाळीं सातनंतर सुरू होते आणि दहाला सुटते. शेवटची गाडी गांठावयाची असते. दौऱ्याची बस प्रयोग संपल्यावर रात्रीं निघते. प्रकाशयोजना लावणारा वाकबगार माणूस तरुण दिग्दर्शिकेचें म्हणणें ऐकून घेतो आणि मग शेजारच्या पुरुष साहाय्यकाकडे वळून विचारतो, "मग काय करायचं, साहेब?" यांत त्याचा दुष्टपणा नसतो, संवय असते. अशा वेळीं खरा मार्गदर्शक काय करतो? तो उत्तर देत नाहीं. तो म्हणतो, "त्यांना विचारा," आणि वहींत डोकें घालतो. शंभर व्याख्यानांइतकें काम या दोन शब्दांनीं होतें.

येथें एक कटु गोष्टहि सांगितली पाहिजे. जो दार उघडतो त्याच्याच कनवटीला किल्ली असते. गुरु म्हणून आलेला माणूस आपल्या स्थानाचा गैरफायदा घेऊं शकतो, आणि हें सर्वच क्षेत्रांत घडत आलें आहे. कामाच्या ठिकाणीं स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा भारतांत २०१३ सालीं झाला. दहा किंवा अधिक माणसें कामाला असतील तेथें तक्रार समिति नेमण्याचें बंधन त्यांत आहे. परंतु हौशी नाट्यसंस्था स्वतःला 'कामाचें ठिकाण' समजतच नाहीं. ती स्वतःला कुटुंब समजते. कुटुंब ही भावना गोड असली तरी तक्रार दडपण्यास तिच्याइतकें सोयीचें पांघरूण दुसरें नाहीं. म्हणून नवोदितेला एकच गुरु असूं नये, दोन-तीन असावेत, आणि त्यांतली निदान एक स्त्री असावी, हें व्यवहाराच्या दृष्टीनेंहि शहाणपणाचें. एकानें दार लावून घेतलें तरी दुसरें उघडें राहतें. विजयाबाईंना दोन गुरु होते याचें महत्त्व या बाजूनेंहि पाहतां येईल.

घरच्या मंडळींचाहि यांत भाग आहे, आणि तो वाटतो तितका भावनेचा नाहीं. दिग्दर्शन शिकणारी मुलगी किंवा सून महिनाभर रोज रात्रीं साडेदहाला परत येणार, तिचें जेवण झांकून ठेवावयाचें, आणि "इतकं काय असतं रोज?" हा प्रश्न विचारावयाचा नाहीं, एवढेंच त्याचें स्वरूप असतें. मुलगा क्रिकेटच्या सरावाहून उशिरां आला तर हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं.

दादरच्या किंवा पुण्याच्या एखाद्या शाळेचा वर्ग संध्याकाळीं तालमीसाठीं भाड्यानें घेतलेला असतो. बांकें भिंतीशीं सरकविलेलीं असतात, आणि फरशीवर खडूनें रंगमंचाच्या रेघा आंखलेल्या असतात. कोपऱ्यांत वही घेऊन एक मुलगी बसलेली असते. कोण कोठून आलें, कोणीं कोणतें वाक्य गाळलें, कोणाला पेला हातीं घेण्याचा विसर पडला, हें ती टिपून घेते. पूर्वीं असली वही धरणारीला शेवटपर्यंत वहीच धरावी लागे. एखाद्या संध्याकाळीं वडीलधारी दिग्दर्शिका घड्याळाकडे पाहून उठते आणि सांगते, कीं आजचा दुसरा अंक तूं घे, मी मागें बसतें. नट एकमेकांकडे पाहतात. मुलगी उभी राहते, वही कोठें ठेवावी हें तिला क्षणभर सुचत नाहीं, मग ती एका बांकावर ठेवून पुढें येते, आणि मुख्य नटाला, जो तिच्याहून वीस वर्षांनीं मोठा आहे, म्हणते, "काका, आपण प्रवेशापासून घेऊं या. मघाशीं दाराशीं तुम्ही फार लवकर वळलांत." तो वळून दाराकडे जातो आणि पुन्हां आंत येतो.